जुन्या लिनक्स लॅपटॉपला बाहेरचा सीडी ड्राइव्ह लावलाय, पण सीडी उघडत नाही? या क्रमाने तपासा

आधी आपलं दुखणं यातलं कुठलं ते बघा.

- ड्राइव्ह लावला की दिवा एकदा लुकलुकतो आणि पुढे काहीच होत नाही.
- सीडी फिरायला लागते, वेग घेते, 'टक' असा आवाज येऊन थांबते. पुन्हा फिरते, पुन्हा थांबते.
- ड्राइव्ह दिसतो, पण सीडी आत असूनही 'नो मीडियम फाउंड' असा संदेश येतो.
- फाइलींची सीडी उघडते, गाण्यांची उघडत नाही. लग्नाची व्हीसीडी उघडते, पण कॉपी करताना 'इनपुट/आउटपुट एरर' येऊन सगळं थांबतं.
- सुरुवातीला सगळं नीट चालतं आणि थोड्या वेळाने ड्राइव्ह गायब होतो.

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मिंट, लुबुंटू किंवा एमएक्स यातलं एखादं लिनक्स टाकून दिलं की महिन्या-दोन महिन्यांत यातली एखादी तक्रार परत येतेच. सोबत वाक्यही ठरलेलं असतं: "लिनक्सला याचा ड्रायव्हर मिळत नाही." यूएसबी सीडी ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. लागतं ते सगळं कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पूर्वीपासून आहे. खोक्यात ड्रायव्हरची सीडी आली असेल तर ती विंडोजसाठी असते, ती बाजूला ठेवा. बहुतेक वेळा दोष विजेचा निघतो. त्याखालोखाल खुद्द सीडीचा, किंवा 'कुठल्या प्रकारची सीडी आहे' या गैरसमजाचा. लिनक्सचा नंबर त्यानंतर. म्हणून टर्मिनल उघडण्याआधी वायरीकडे बघायचं.

एक सूचना: आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. स्पेलिंग सहज कळणार नाही किंवा अक्षर मोठं लागतं तिथे रोमन रूप कंसात दिलंय.

वीज: फुकटातली तपासणी

लॅपटॉपला चार्जर लावा. बॅटरी जुनी, त्यात बचतीचा मोड चालू, अशा अवस्थेत ड्राइव्ह तपासण्यात अर्थ नाही.

आता ड्राइव्ह उलटा करून मागचं लेबल वाचा. ५ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर छापलंय? पातळ ड्राइव्हवर हा आकडा बऱ्याचदा १ अँपिअरच्या वरच असतो. यूएसबी २.० च्या पोर्टाने द्यायचा करंट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, आणि यूएसबी ३.० चा ९००. ड्राइव्हला सगळ्यात जास्त करंट लागतो तो थांबलेली सीडी फिरवायला सुरुवात करताना. फिरू लागल्यावर गरज उतरते. त्यामुळे फिरते-थांबते-फिरते हा खेळ दिसला की समजायचं, मोटर उचल घेते तेव्हा व्होल्टेज पडतंय आणि ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोय. काही लॅपटॉप नियमापेक्षा जास्त करंट सोडतात, काही अगदी काटेकोर असतात. 'भावाच्या लॅपटॉपवर चालतो, माझ्यावर नाही' याचं उत्तर इथे आहे, आणि त्याचा विंडोज-लिनक्सशी काही संबंध नाही.

मग करायचं काय? पोर्ट बदला. आतून निळा असलेला, म्हणजे बहुधा यूएसबी ३.० चा, पोर्ट असेल तर आधी तो. मधे एक्स्टेन्शन वायर किंवा साधा हब असेल तर काढून टाका, कारण लांब बारीक तारेतच थोडं व्होल्टेज खर्ची पडतं. वायर सुटी असेल तर दुसरी लावून बघा, मात्र ती डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या वायरीत डेटाच्या तारा नसतात. दिवा लागतो आणि लॅपटॉपला पत्ताही लागत नाही. ज्या ड्राइव्हची वायर पोटातच गुंडाळलेली असते त्यांची वायर मुळाशी, वळणावर तुटते. तिथे हलकेच हलवून दिवा जातो-येतो का बघा.

एवढ्याने जमलं नाही तर दोन तोंडांची यूएसबी वायर, म्हणजे वाय केबल. तिचं एक तोंड डेटा आणि वीज घेतं, दुसरं फक्त वीज. पुष्कळ लॅपटॉपमध्ये शेजारशेजारचे दोन पोर्ट एकाच फ्यूजवर असतात, म्हणून वायर पुरत असेल तर एक तोंड डावीकडे आणि एक उजवीकडे लावा. दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरला लावायचा सल्ला मिळतो, तो मी देत नाही. साध्या वाय केबलमध्ये दोन्ही तोंडांच्या ५ व्होल्टच्या तारा आत एकत्र जोडलेल्या असतात आणि चार्जरची वीज उलटी लॅपटॉपच्या पोर्टात शिरू शकते. त्यापेक्षा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. या सगळ्या प्रकरणात पैसे कशावर खर्च करायचे असतील तर ते यावरच, पुढे बाहेरच्या हार्ड डिस्कलाही तो उपयोगी पडतो.

सीडी: आपली लाडकी नको, चांगली घ्या

जी उघडत नाही तीच सीडी पुन्हा पुन्हा घालून ड्राइव्ह तपासू नका. छापील, ओरखडा नसलेली एखादी सीडी शोधा. पूर्वी संगणक मासिकांसोबत यायच्या त्यातली किंवा एखाद्या प्रिंटरसोबत आलेली. छापील सीडीची वाचायची बाजू चंदेरी असते, घरी किंवा स्टुडिओत लिहिलेलीची हिरवट-निळसर. या फरकाला कारण आहे. छापील सीडी लेझरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, तर पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू फक्त १५ ते २५ टक्के. त्यामुळे ड्राइव्ह म्हातारा होऊ लागला की आधी आरडब्ल्यू दिसेनाशी होते, मग साधी लिहिलेली सीडी, आणि छापील सगळ्यात शेवटी. कुठली पायरी गेली आहे यावरून लेझरचं वय कळतं.

एखादी डीव्हीडीही घालून बघा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. एकाच डोक्यात दोन वेगळे लेझर बसवलेले असतात आणि त्यातला एकच मरू शकतो. डीव्हीडी झकास चालते, पण एकही सीडी नाही, असा ड्राइव्ह समोर आला तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका.

कोरी सीडी फाइल मॅनेजरमध्ये माउंट होणार नाही, म्हणजे फोल्डरासारखी उघडणार नाही, ते बरोबरच आहे. जुन्या हँडिकॅमच्या छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडी कॅमेऱ्यात 'फायनलाइज' (लिहिणं संपवून बंद) केल्या नसतील तर बाहेर त्या कोऱ्यासारख्याच वाटतात. आणि फटीतून सीडी ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती छोटी तबकडी घालूच नका, अडकते.

सीडी पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल नाही. ओरखडा डेटाच्या गोल मार्गाच्या आडवा गेला तर ड्राइव्ह तो निभावून नेतो, मार्गाच्या दिशेने गेला तर डेटाचा लांब सलग तुकडाच जातो.

आता टर्मिनल: लॅपटॉपला ड्राइव्ह दिसतो का?

ड्राइव्ह काढा. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' (sudo dmesg -w) चालवा आणि मग ड्राइव्ह लावा. कर्नल काय म्हणतोय ते जिवंत दिसत राहतं. माझा निम्मा निर्णय इथेच होतो.

काहीच ओळ उमटली नाही तर डेटाच्या तारा पोचत नाहीयेत: वायर, पोर्ट किंवा ड्राइव्हमधलं सर्किट. 'एरर -७१' सहसा खराब वायर किंवा ढिला पोर्ट सांगते. 'एरर -११०' म्हणजे वाट पाहून कंटाळा आला, उत्तर नाही; बऱ्याचदा पुन्हा वीजच. 'ओव्हर-करंट' दिसलं तर पोर्टाने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली आहे. लगेच काढा आणि स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबशिवाय पुन्हा लावू नका. 'यूएसबी डिस्कनेक्ट' ही ओळ बरोबर सीडी फिरायला लागताना येत असेल तर वरचा विजेचा भाग पुन्हा वाचा.

जोडला गेल्यावर 'हाय-स्पीड' लिहून यायला हवं, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. 'फुल-स्पीड' आलं तर नावाला भुलू नका, तो १२ मेगाबिटचा जुना वेग आहे. लॅपटॉप यूएसबी १.१ च्या काळातला असेल तर तो तेवढाच देणार. प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १ मेगाबाइट, म्हणजे ७०० मेगाबाइटची भरलेली सीडी उतरवायला दहा-बारा मिनिटं. सीडी चालेल. डीव्हीडी सिनेमा मात्र अडखळतच राहील, कारण त्याला एकपट वेगालाच सेकंदाला १.३८ मेगाबाइट लागतात. यूएसबी २.० असलेल्या लॅपटॉपवरही 'फुल-स्पीड' येत असेल तर वायर बदला.

सगळं ठीक असेल तर शेवटी 'एसआर०' (sr0, लिनक्सने पहिल्या सीडी ड्राइव्हला दिलेलं नाव) जोडल्याची ओळ येते. 'एलएसबीएलके' (lsblk) चालवलं तरी ते नाव यादीत दिसतं.

'एलएसयूएसबी'च्या (lsusb) यादीत ड्राइव्ह आहे, पण 'एसआर०' नाही, असं झालं तर आधी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. टाळाटाळ म्हणून सांगत नाही. कर्नलचं अपडेट झालं, जुन्या कर्नलचे मॉड्यूल (लागेल तेव्हा जोडायचे त्याचे तुकडे) डिस्कवरून पुसले गेले आणि चालू असलेला कर्नल अजून जुनाच असला, तर त्याला 'एसआर_मॉड' नावाचं मॉड्यूल सापडतच नाही. आर्च नावाच्या लिनक्सवर हे हमखास होतं. पुन्हा चालू केल्यावरही नाही आलं तर 'सुडो मॉडप्रोब एसआर_मॉड' (sudo modprobe sr_mod) आणि 'सुडो मॉडप्रोब यूएसबी-स्टोरेज' (sudo modprobe usb-storage) चालवून बघा.

आतला मेलेला ड्राइव्ह वाटेत येतो

जुन्या लॅपटॉपची ही खास खोड. आतला सीडी ड्राइव्ह बिघडलाय म्हणून तर बाहेरचा आणला. पण आतला मेला तरी त्याचं सर्किट जिवंत असतं आणि 'एसआर०' हे नाव त्यानेच अडवून ठेवलेलं असतं. बाहेरचा होतो 'एसआर१'. प्लेअर '/डेव्ह/सीडीरॉम' किंवा 'एसआर०' उघडायला जातो, तिथे सीडी नाही, म्हणून 'नो मीडियम फाउंड'. व्हीएलसी या प्लेअरच्या 'ओपन डिस्क' खिडकीत हाताने '/डेव्ह/एसआर१' (/dev/sr1) लिहिलं की गाणी सुरू! कायमचा उपाय म्हणजे आतला ड्राइव्ह काढून टाकणं. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो खालच्या एका स्क्रूवर असतो आणि बाजूला सरकून बाहेर येतो. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून मगच हे करा.

डेबियन या लिनक्सवर '/ईटीसी/एफएसटॅब' (/etc/fstab) या फाइलीत इन्स्टॉलेशनच्या वेळची '/मीडिया/सीडीरॉम०' ही ओळ राहिलेली असते. ती 'एसआर०'ला बांधलेली असल्याने इथेही गोंधळ घालते. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकून ती झोपवा.

अगदी हलक्या डेस्कटॉपवर सीडी आपोआप माउंट होत नाही आणि तो बिघाड नाही. 'यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसआर०' (udisksctl mount -b /dev/sr0) चालवा, नावात ० की १ ते आपलं बघून. 'परमिशन डिनाइड' आलं तर आपलं खातं 'सीडीरॉम' गटात घाला (आर्चवर गटाचं नाव 'ऑप्टिकल'), लॉगआउट करून परत या.

गाण्यांची सीडी आणि लग्नाची व्हीसीडी

गाण्यांच्या सीडीवर फाइल नसतातच. सलग आवाज असतो. तिला माउंट करायला गेलात की 'राँग एफएस टाइप' म्हणून लांबलचक ओरड होते. व्हीएलसीमध्ये 'ऑडिओ सीडी' निवडून वाजवा. उतरवून घ्यायची तर 'सीडीपॅरानोइया -बी' (cdparanoia -B, यातला B मोठाच हवा) प्रत्येक गाण्याची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल करून देतो. हा प्रोग्राम संथ आहे, पण तोच तुकडा पुन्हा वाचून पडताळतो, म्हणून घासलेल्या सीडीला उत्तम.

व्हीसीडीचं प्रकरण जास्त फसवं, आणि आपल्याकडे २००० च्या दशकातली अर्धी लग्नं आणि मुंजी याच प्रकारात अडकल्या आहेत. सीडी उघडते, 'एमपीईजीएव्ही' फोल्डरात 'एव्हीएसईक्यू०१.डॅट' दिसते, आकारही दिसतो. कॉपी करायला घेतली की 'इनपुट/आउटपुट एरर'. माणूस घाबरतो, सीडी गेली म्हणतो. सीडी बहुधा धडधाकट असते. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट डेटा आणि बाकी चूक-दुरुस्तीची माहिती असते. व्हीसीडीच्या चित्राच्या भागात जागा वाचवायला ती दुरुस्ती काढून २३२४ बाइट भरलेले असतात. लिनक्सची फाइल-प्रणाली २०४८ च्या हिशेबाने वाचायला जाते आणि अडते. विंडोज या सेक्टरांना वेगळं वेष्टन घालून फाइल म्हणून दाखवतं, म्हणून तिथे कॉपी होते.

तेव्हा व्हीसीडी माउंट करू नका. व्हीएलसीच्या 'ओपन डिस्क'मध्ये 'एसव्हीसीडी/व्हीसीडी' निवडा. उतरवायची असेल तर 'व्हीसीडीइमेजर' हे पॅकेज घाला, त्यातला 'व्हीसीडीएक्सरिप' (vcdxrip) हा प्रोग्राम सरळ एमपीईजी फाइली काढून देतो. चित्र ३५२ बाय २८८ चं, धूसरच दिसणार. ते ड्राइव्हचं पाप नाही.

तसंच, सीडीवरची जुनी मराठी फाइल उघडली आणि नुसती रोमन अक्षरं-चिन्हं दिसली तर वाचनात काही चूक झालेली नाही. ती श्रीलिपी, शिवाजी वगैरे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असते. तो फाँट किंवा कन्व्हर्टर शोधा.

कमी वेळा सापडणारी कारणं

थोड्या वेळाने ड्राइव्ह गायब होत असेल आणि लॅपटॉपवर 'टीएलपी' हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबीचं ऑटोसस्पेंड (उपकरण आपोआप झोपवणं) शून्य करून बघा. फरक पडला तर पुढे फक्त त्या ड्राइव्हचा क्रमांक वगळीच्या यादीत टाका.

अॅपलचा सुपरड्राइव्ह कुणी दिला असेल तर तो आधी झोपलेलाच असतो, सीडी आत ओढतही नाही. 'एसजी३-युटिल्स' पॅकेजमधल्या 'एसजी_रॉ'ने (sg_raw) त्याला सात बाइटांची आज्ञा पाठवावी लागते: पहिला ईए, मग पाच वेळा ००, शेवटी ०१. प्रत्येक वेळी लावल्यावर.

विकतची सिनेमाची डीव्हीडी फाइली दाखवते पण चालत नाही, तर कुलूप उघडणारी 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही लायब्ररी नाही. डेबियन-उबुंटूवर 'लिबडीव्हीडी-पीकेजी' घालून 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी' (sudo dpkg-reconfigure libdvd-pkg) चालवा. सिनेमाच्या डीव्हीडी जगाच्या ठरावीक प्रदेशांसाठी काढलेल्या असतात, भारताचा प्रदेश क्रमांक ५ आहे. ड्राइव्हचा क्रमांक जास्तीत जास्त पाच वेळा बदलता येतो, मग तो शेवटच्यावर कायमचा बसतो. परदेशातून आलेल्या एका डीव्हीडीसाठी ती संधी उधळू नका.

लेन्स

वरचं सगळं करून छापील सीडीसुद्धा वाचत नसेल तर लेन्स. वर उघडणाऱ्या किंवा ट्रेच्या पातळ ड्राइव्हमध्ये ती समोर दिसते, मुगाच्या दाण्याएवढी. वायर काढा. कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने धूळ उडवा. मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने किंचित ओला केलेला इअरबड, बिलकूल दाबायचं नाही, लेन्स बारीक तारांवर तरंगती असते. थिनर, पेट्रोल, अत्तर चालणार नाही. कोकणात दमटपणामुळे लेन्सवर पातळ साय येते, ती एवढ्याने जाते. ड्राइव्ह उघडा ठेवून चालू करू नका आणि लेझरकडे बघू नका. सीडीचा लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून जास्त घातक.

सीडी आत अडकली असेल तर आधी 'इजेक्ट' आज्ञा, मग वायर काढून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप.

इथे थांबा

दोन वेगळ्या संगणकांवर, स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवरून, छापील सीडीसुद्धा चालत नाही: ड्राइव्ह गेला. दुरुस्तीला देऊ नका. लेझर बदलायची मजुरी नव्या ड्राइव्हच्या किमतीशी भिडते.

'ओव्हर-करंट' कुठलंही उपकरण लावलं तरी येत असेल, पोर्ट हलत असेल, गरम होत असेल किंवा जळका वास आला असेल तर लॅपटॉप बंद करून मदरबोर्डचं काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. तिथे घरी डाग द्यायला बसू नका.

आणि सीडीवर असलेली गोष्ट दुसरीकडे कुठेच नसेल तर वेगळाच नियम. डेटाची सीडी असेल तर एकदाच 'डीडीरेस्क्यू -एन -बी२०४८ /डेव्ह/एसआर० नाव.आयएसओ नाव.मॅप' (ddrescue -n -b2048 /dev/sr0 nav.iso nav.map) चालवा. नीट वाचता येतं ते आधी उचलून तो अवघड जागा मागे ठेवतो. मॅप फाइल जपा. तीच वापरून दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेले तुकडे मिळवता येतात, आणि एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला बऱ्याचदा दिसतं. त्याआधी 'इजेक्ट -एक्स ४'ने वेग उतरवला तर मदत होते. यानंतरही मोठी भोकं राहिली तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा.

मधल्या भोकापासून तडा गेलेली सीडी मात्र ड्राइव्हमध्ये घालूच नका, वेगात ती आतच फुटते. छापील नावाच्या बाजूचा चंदेरी थर उडालाय का तेही उजेडासमोर धरून बघा. सीडीचा डेटा त्याच थराखाली असतो, वाचायच्या बाजूला नाही. आरपार उजेड दिसतो तिथला डेटा कुणीही परत आणू शकत नाही. पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.